हिवाळी नियम

नोव्हेंबर लागला की कीथलीच्या टेकडीवर
स्टार्टरच्या लाकडी खोपटाला कागद टाचतात :
फेअरवेवर चेंडू उचला, पुसा, ठेवा.
सहा इंचांच्या आत.
भोकाच्या जवळ नको.
एकदाच.

सहा इंच म्हणजे वीतसुद्धा नाही,
अंगठा ते तर्जनी, टीचभर.
पण त्या टीचेत माणूस कळतो, असं अ‍ॅकरॉइडचं मत.
कोणी बुटानं हळूच ढकलतो,
कोणाची टीच हातभर असते.

अ‍ॅकरॉइड, वय एकोणऐंशी.
चाळीस वर्षं लेथवर
इंचाचा हजारावा भाग मोजत उभा राहिलेला.
त्याच्या मनगटाचा एक्स-रे मी काढला होता,
तिथून ओळख, तिथून गोल्फ.
"मूळ नियम एकच," तो म्हणाला होता,
"पडला तिथून मारायचा.
बाकी सगळी हवामानाची सवलत."

मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात,
पदरी पडलं पवित्र झालं.
पदर म्हणजे काय हे सांगता सांगता
तिसरा होल आला
आणि माझा चेंडू गॉर्सच्या काट्यांत गेला.
"हं," तो म्हणाला, "घे. पवित्र."

भोकाच्या जवळ नको,
हे वाचून आम्ही चौघं दर वर्षी हसायचो.
वर्नन गेला त्याला दोन मार्च झाले.
स्टॅन्ली मुलीकडे असतो, स्कार्बरोला,
खिडकीतून समुद्र बघतो म्हणे.
वाक्य तेच आहे.
हसायला दोघं.

फेब्रुवारीतला मंगळवार, सातवा होल.
चेंडू गांडुळांच्या मातीवर,
एका बाजूनं पार माखलेला.
अ‍ॅकरॉइडनं खुणेला टी रोवली,
चेंडू उचलला, कोटाच्या अस्तराला पुसला,
टीचभर उजवीकडे ठेवला,
जिथं गवत जरा उभं होतं.
टी काढून खिशात टाकली.
मागे सरकून गिरणीच्या चिमणीकडे पाहिलं,
तिला धूर येत नाही आता.
मग वाकला
आणि चेंडू पुन्हा उचलला.

पुसला.
स्वच्छच होता.
पुसत राहिला.
"कुठं होता रे हा?"

मी बोट दाखवलं.
त्यानं ठेवला, आणि मारला
सहा नंबरच्या आयर्ननं, असा सुरेख
की वर्ननही गप्प बसला असता.

कार्ड माझ्याकडे होतं.
फटके पाच.
ठेवलेला चेंडू पुन्हा उचलला, दंड एक.
पेन्सिल आखूड, बोटं गारठलेली.
पाच लिहिलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं?
आमच्याखेरीज त्या टेकडीवर
एक मेंढी होती, तीही पाठमोरी.

पण पाच म्हणजे
बुटानं ढकललेला चेंडू.
पाच म्हणजे त्याला न विचारता मी ठरवणार
की या माणसाला आता नियम लागू नाहीत.

मी सहा लिहिले.

खोपटात चहा.
सही करण्याआधी तो प्रत्येक आकडा वाचतो,
चष्मा कपाळावर चढवून, कार्ड नाकाशी धरून.
सातव्यावर थांबला.
"सहा?"
"दोनदा उचललास."

बराच वेळ तो त्या आकड्याकडे बघत होता,
लेथवरून उतरवलेला तुकडा
उजेडात फिरवून बघावा तसा.
मग खिशात हात घालून
टी आहे का ते चाचपलं.
"आठवत नाही," म्हणाला.
"पण तू लिहिलंयस."
आणि सही केली, संपूर्ण नावाची,
रेघेला न शिवता.

मार्चअखेर कागद निघेल.
लाकडात टाचण्यांची भोकं तेवढी राहतील,
मागच्या वर्षीच्या भोकांच्या
अगदी जवळ.